थर्मल लेबल प्रिंटर: छपाईमागचे नियंत्रण

उष्णतेने लेबले छापणारा हा प्रिंटर दिसायला साधा असला, तरी त्याची खरी गुणवत्ता आतल्या नियंत्रण-सर्किटमध्ये आहे. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) छपाई-हेडवर दर मिलिमीटरला ८ सूक्ष्म तापणारे ठिपके असतात; प्रत्येक ओळीची माहिती शिफ्ट रजिस्टरमधून (माहिती एकेक बिट पुढे सरकवणारे सर्किट) लॅचमध्ये (ती धरून ठेवणारे सर्किट) उतरते आणि मग स्ट्रोब पल्सच्या (ठिपके तापवणाऱ्या विद्युत-स्पंदाच्या) कालावधीवरून ठिपका किती तापणार हे ठरते. हेडवरील थर्मिस्टर (उष्णता मोजणारा घटक) तापमान कळवत राहतो व मायक्रोकंट्रोलर (नियंत्रक चिप) त्यानुसार पल्स आखूड करतो, म्हणूनच सलग मोठी छपाई करूनही बारकोडच्या रेषा फुगल्या नाहीत (स्वस्त यंत्रे नेमकी इथेच उघडी पडतात). लेबलांचा रोल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी स्टेपर मोटर समाधानकारक आहे. लेबलांमधील फट ओळखणारा प्रकाश-सेन्सर मात्र पारदर्शक लेबलांवर गोंधळतो, त्यामुळे रोल बदलल्यावर कॅलिब्रेशन (सेन्सर नव्या रोलशी जुळवून घेणे) टाळता येत नाही.