विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड : काम चोख, लायसन्स डोक्याला ताप

ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या या सॉफ्टवेअरला माझ्याकडून चार तारे. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलचं बिलिंग, वजनकाटा आणि रोजच्या भावाची वेबसाइट त्यावरच चालते, आणि मे महिन्याच्या उन्हातही कुरकुर नाही. लायसन्सला मात्र दीड तारा, तोही जीवावर येऊन.

आमच्या सर्व्हरला एकच प्रोसेसर, दहा कोअरचा, म्हणजे आत काम करणारे दहा भाग. पैसे सोळा कोअरचे. २०१६ च्या आवृत्तीपासून हिशोब कोअरवर गेला आणि सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. कोटेशन बघून शेठ म्हणाले, "हाई काय शे भो?" मी काय सांगणार!

पण खरी गंमत कॅलची. कॅल म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, माणसागणिक किंवा मशीनगणिक. काट्यावरच्या एका कॉम्प्युटरवर तिन्ही पाळ्यांची पोरं बसतात, तिथे डिव्हाइस कॅल स्वस्त पडतं. शेठ मोबाइल, लॅपटॉप, ऑफिसचा पीसी असं सगळीकडून बघतात, त्यांना युजर कॅल. सगळ्यांनी एकाच लॉगिनने बिलिंगमध्ये शिरायचं आणि एकच कॅल घ्यायचं, ही शक्कल चालत नाही. मधे कितीही सॉफ्टवेअर घाला, मोजणी टोकाच्या माणसाची किंवा मशीनचीच. आमच्याकडे २०१६ ची कॅल पडून होती, ती २०२२ ला चालत नाहीत. उलटं चालतं, म्हणजे नवं कॅल जुन्या सर्व्हरला. सीएसाहेबांना धुळ्याहून रिमोटने कामाला बसायचं तर त्याचं आरडीएस कॅल, म्हणजे दुरून सर्व्हरवर बसण्याचा परवाना, आणखी वेगळं.

आता वेबसाइट. तुरीचा आणि हरभऱ्याचा भाव चोपड्याचा शेतकरी बघो की अकोल्याचा व्यापारी, साइट सगळ्यांना खुली आहे, म्हणून त्यांच्यासाठी विंडोजचं कॅल लागत नाही. आमच्या डीलरने पहिल्या कोटेशनमध्ये हे सांगितलंच नाही. वर भाव बघणाऱ्यांसाठीही कॅलची लांबलचक ओळ लावली. विचारलं तर "कंपनीचा नियम आहे साहेब."

आणि त्याच साइटमागे माहिती साठवायला मायक्रोसॉफ्टचंच एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड घेतलात, तर हीच सूट तिथे नाही! कॅलवर घ्यायचं तर बाहेरच्या प्रत्येक बघणाऱ्याला कॅल हवं. ते कसं मोजणार? म्हणून कोअरवर घ्या, किमान चार कोअर. एकाच कंपनीची दोन सॉफ्टवेअरं, साइट बघणारा माणूस तोच, आणि नियम दोन. आम्ही बिलिंगसाठी एसक्यूएलच्याच फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीवर भागवलं. २०२२ च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आमच्या मिलला पुरते.

विंडोज स्टँडर्डमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन मिळतात, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात दोन वेगळे कॉम्प्युटर, ही जमेची बाजू. एकात बिलिंग, दुसऱ्यात साइट. तिसरं विंडोज मशीन हवं झालं की सगळ्या कोअरचं लायसन्स परत घ्यायचं. पुढच्या सीझनला साइट विंडोजऐवजी लिनक्सवर नेतोय, साइट चालवायला एनजिनेक्स आणि माहिती साठवायला पोस्टग्रेस टाकून. तिथे ही मोजणीच नाही.

ऑनलाइन हजार-दीड हजारात प्रॉडक्ट की (सॉफ्टवेअर चालू करायचा कोड) मिळते म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात. अ‍ॅक्टिव्हेट झाली म्हणजे लायसन्स झालं असं नाही, ऑडिटमध्ये बिल मागतात.

घ्यायचंच असेल तर कोअर, कॅल, आरडीएस आणि एसक्यूएल अशा चार वेगळ्या ओळी डीलरकडून लिहून घ्या, आणि वेबसाइट कोण बघणार ते त्याला आधी सांगा. आमचं दुसरं कोटेशन पहिल्याच्या जवळपास निम्म्यावर आलं.