वळचणीबाहेरचा वाफा: हायड्रेंजिया, पेंटास की बुटका एक्झोरा?

घरासमोर ऊन खाणारा वाफा, कमरेखाली राहणारं झुडूप आणि वर गोल घोस. इतकं ठरलं की गोव्यात तीन नावं पुढे येतात: हायड्रेंजिया, पेंटास आणि बुटका एक्झोरा. तिन्ही रोपं सगळ्यांच्या पाहण्यातली आहेत, म्हणून फुलांचं वर्णन करत बसत नाही. निवड फुलावर होतही नाही. ती होते जूनमध्ये, वळचणीखाली.

आधी हायड्रेंजियाचं बोलून टाकू, कारण मन तिथेच अडकलेलं असतं. नर्सरीत फुललेली कुंडी पाहिली की मोह होतोच. पण ते रोप थंड हवेत वाढवून, कळ्या धरवून खाली आणलेलं असतं. आपल्याकडे कुंड्यांत विकला जाणारा मोठ्या पानांचा प्रकार साधारण सहा आठवडे 18 अंशांखालची हवा मिळाली तरच नीट कळी धरतो. गोव्याच्या किनारपट्टीत जानेवारीची रात्रसुद्धा सरासरी 19-20 अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. उटी, मुन्नारला तो कुंपणाला फुलतो आणि आपल्याकडे पहिला बहर सरला की नुसती पानं उरतात, त्याचं कारण हेच. निगा कमी पडली असं समजून खत ओतत राहू नका.

नर्सरीवाल्याच्या 'कॉम्पॅक्ट' या शब्दावरही फार भरवसा नको. कुंडीतली हायड्रेंजिया बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध देऊन ठेंगणी ठेवलेली असतात. त्या औषधाचा अंमल उतरला की तेच रोप चार फुटांकडे निघतं. खरोखर बुटक्या आणि ऊन सोसणाऱ्या जाती आहेत, 'लिटल लाइम' किंवा 'बोबो'सारख्या, पण त्या शंकूच्या आकाराचे घोस देणाऱ्या गटातल्या. त्यांना पानं झडून विश्रांती घ्यायला खरा हिवाळा लागतो. मागवून लावू नये असं मी म्हणणार नाही, फक्त पैसे मोजताना एवढं लक्षात असू द्या.

राहिलं ऊन. दुपारी एक ते चार या वेळात हायड्रेंजियाची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात. माती ओली असते, पण पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मूळ पुरवू शकत नाही. सोप्यावर बसलेल्याला ते बघवत नाही आणि तो तांब्या घेऊन उठतो. घात इथेच होतो. संध्याकाळी पान आपोआप उभं राहणार असतं, दुपारच्या जादा पाण्याने मूळ मात्र कुजतं. बोट दोन इंच मातीत घालून बघावं, ओल लागली तर काही करू नये. आपल्या चिऱ्याच्या आंबट मातीत ॲल्युमिनियम भरपूर असल्याने फूल आलंच तर निळं येतं, हे खरं सुख. त्यासाठी 12 इंची कुंडी, सकाळी नऊ-दहापर्यंतचंच ऊन आणि ओसरीचा पूर्वेकडचा कोपरा. वाफा नको. घरात कुत्रं किंवा शेळी असेल तर पानं त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत हेही पाहावं, ती विषारी असतात.

म्हणजे खरा सामना पेंटास आणि एक्झोरा यांच्यात. आणि इथे मी मोकळेपणाने कबूल करतो, ऑक्टोबर ते मे पेंटास पुढे आहे. लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत वाफा भरतो, फुलपाखरं येतात, रंग एक्झोरापेक्षा अधिक आणि रोपं स्वस्त. 'ग्राफिटी' जात फूट-सव्वा फुटात राहते. चार इंचाची काडी ओल्या वाळूत दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते, म्हणजे एकदा घेतलेलं रोप पुन्हा विकत घ्यायला नको. दर आठवड्याला सुकलेले घोस खुडावे लागतात, ते मी कामात धरत नाही.

अडचण पागोळ्यांची. मंगळुरी कौलांचं छप्पर असेल आणि उताराची आडवी रुंदी चार मीटर असेल, तर 100 मिलिमीटर पावसात वळचणीच्या दर मीटरला 400 लिटर पाणी खाली येतं. गोव्यात असा दिवस जून-जुलैमध्ये नवलाचा नाही. हे पाणी सरीसारखं पसरून पडत नाही, प्रत्येक कौलाच्या पन्हळीतून धार होऊन एकाच जागी पडतं. आठ-दहा दिवसांत तिथे वीतभर खळगा होतो. धारेने उडालेली तांबडी माती पानांच्या पाठीला आणि भिंतीला दोन फुटांपर्यंत चिकटते. पेंटासचं खोड मऊ. मातीलगत ते काळं पडतं, वरचा भाग दोन दिवस हिरवा दिसत राहतो, तिसऱ्या दिवशी हाताने उचललं की मुळाशिवाय वर येतं. बुरशीनाशकाने हे फार थांबत नाही, कारण दोष बुरशीचा कमी आणि साचलेल्या पाण्याचा जास्त.

आणि वेळ कोणती, तर श्रावण-भाद्रपद. चवथीला पाहुणे दारात येतात तेव्हा दर्शनी वाफ्यात तीन तगलेली रोपं आणि बाकी चिखल. माझं मत फिरलं ते एवढ्यावरच. आठ महिन्यांची शोभा चवथीच्या आठवड्यात हरवणार असेल तर ती मला महाग वाटते. कुणाला नाही वाटणार. ज्यांच्या घराला स्लॅब आहे, किंवा ज्यांनी वळचणीला पन्हळ बसवून पाणी बाजूला काढलं आहे, त्यांना हा मुद्दा लागूच होत नाही. त्यांनी पेंटास खुशाल लावावं.

बुटक्या एक्झोराचं खोड लाकडी, पान चामडी. पाणी वाहून जात असेल तर धारेखालीही तो उभा राहतो आणि पावसातही घोस काढतो. फुलं पूजेच्या तबकात चालतात, ही आणखी एक सोय. पण त्याचेही नखरे आहेत.

पहिला, खरेदीतला. 'बुटका' म्हणून मोठ्या जातीची कोवळी रोपं सर्रास गळ्यात मारली जातात. पान मोजा: बुटक्याचं दीड-दोन इंच, मोठ्याचं तीन-चार इंच. फांदीवर पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतरही पाहा, बुटक्यात ते इंचाहून कमी असतं. चूक झाली तर तीन वर्षांत खिडकी झाकली जाते, आणि मग कात्री चालवत राहिलं की फूल दिसत नाही, कारण घोस शेंड्यावर येतो.

दुसरा नखरा चुन्याचा, आणि त्यातच बहुतेक वाफे बिघडतात. एक्झोराला आंबट माती हवी. आपली लाल माती आंबटच असते, पण भिंतीलगतची तशी राहिलेली नसते. बांधकामाचा पडलेला गिलावा, जुना चुना, सिमेंटचा राबिट सगळं तिथेच मुरलेलं असतं. मग मुळांना लोह मिळेनासं होऊन कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. माती तपासायची सोपी रीत म्हणजे भिंतीपासून अर्ध्या आणि दोन फुटांवरची चमचा-चमचा सुकी माती वेगवेगळ्या बशीत घ्या आणि वर थोडा विनेगर ओता. बुडबुडे आले तर चुना आहे. दोन फुटांवर शांत असेल तर तिथे लावा. तिथेही फसफसलं तर दीड फूट खोल माती काढून बाहेरची भरावी लागेल, किंवा सरळ पेंटासकडे वळावं. त्याला उलट अशीच माती मानवते, आणि फार आंबट मातीत त्याची खालची पानं काशाच्या रंगाची होऊन करपतात. चुलीतली राखही म्हणूनच पेंटासला चालते, एक्झोराला नाही.

पिवळेपणा आलाच तर लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. हा तात्पुरता उतारा आहे. चुना असलेल्या मातीत टिकाऊ काम करायचं तर खताच्या दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, रोपाला 2-3 ग्रॅम मुळाशी. जुन्या पानांवर तांबूस ठिपके दिसले तर तो लोहाचा नव्हे, पोटॅशचा तुटवडा. पावसाने ते धुऊन जातं. सप्टेंबरअखेर रोपाला 10-15 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पुरतं.

तिसरा नखरा हुमल्यांचा, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचा. पानं शिवून घरटं करतात, वर खवले कीड आणि पिठ्या ढेकूण राखून ठेवतात. त्यांच्या चिकट्यावर काजळी चढते आणि झुडूप धुराने माखल्यासारखं दिसतं. मुंग्या मारून भागत नाही, कीड घालवावी लागते. लिटरला 5 मिली निंबोळी तेल, 2 मिली पातळ साबण, पानाची पाठ भिजेल असं, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

लावणी 15 फूट लांबीच्या वाफ्याची धरून सांगतो. पागोळीची रेघ पहिल्या पावसात चुन्याच्या भुकटीने नव्हे, काठीने आखून घ्या. त्या रेघेवर फूटभर रुंद, अर्धा फूट खोल चर खणून त्यात जांभ्या दगडाची खडी भरा आणि चराला एका बाजूला उतार द्या. धार खडीवर पडली की माती उडत नाही, भिंतही पांढरी राहते. चराच्या बाहेरच्या अंगाला, पावणेदोन फुटांच्या अंतराने आठ-नऊ रोपं बसतात. खड्डा सव्वा फुटाचा, दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड. मुळाशी नारळाची सोडणं उलटी अंथरली की एप्रिलमध्ये पाणी दिवसाआड दिलं तरी भागतं. पहिलं वर्ष एक्झोरा रेंगाळतो, वाफा उघडा दिसतो, हे मनात धरूनच लावा.

छाटणी वर्षातून एकदा, हलकी, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. छाटल्यावर नवा घोस यायला दोनेक महिने धरावे लागतात, त्यामुळे जुलैत कात्री चालवली तर चवथीला नुसती पालवी. आणि पेंटासचा मोह सुटत नसेल तर ऑगस्टमध्ये चार काड्या ओसरीवर वाळूत खोचून ठेवा. पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमारास त्या एक्झोराच्या पुढच्या रांगेत लावता येतात.