आखातातून आणलेल्या वस्तूला काय लावावं: अ‍ॅडॉप्टर, नवी कॉर्ड की नवा टॉप?

मे महिन्यात भाऊ दोह्याहून गुहागरला आला की बॅगेत चौकोनी पिनांची एखादी वस्तू असतेच. यंदा पाण्याची किटली होती. अ‍ॅडॉप्टर लावून वापरली आणि दुसऱ्याच दिवशी जळका वास आला. काढून पाहिलं तर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून मऊ झालेलं. किटली 2200 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टला साडेनऊ अँपिअर ओढणारी, आणि आम्ही ती 6 अँपिअरच्या बोर्डवर लावलेली.

व्होल्टेजची अडचण नव्हती. कतार, यूएई, ओमानमध्ये आपल्यासारखाच 220 ते 240 व्होल्टचा, 50 हर्ट्झचा पुरवठा आहे. वेगळा आहे तो फक्त टॉप, म्हणजे वायरच्या टोकाचा पिनांचा प्लग. सौदीत मात्र 60 हर्ट्झ असल्याने तिथला फ्रिज आणण्याआधी मागच्या पट्टीवर 50 हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा.

अ‍ॅडॉप्टर मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरपुरता ठीक. किटली, इस्त्री, हीटरला नको. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंगची पिन पुष्कळदा नुसती दिसायला असते, आत जोडलेलीच नसते. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत पितळेवर हिरवट थर चढतो, पकड सैल होते आणि सांधा तापतो.

वायर सुटी निघत असेल तर नवी कॉर्ड घ्या, मला हाच मार्ग सर्वात भरवशाचा वाटतो. उपकरणाकडचं टोक जगभर सारखं असतं: कॉम्प्युटरचं सी-13, लॅपटॉपचं तीन पाकळ्यांचं सी-5, आठच्या आकड्यासारखं सी-7. गरम होणाऱ्या काही वस्तूंना खाच असलेलं सी-15 लागतं. तिथे सी-13 बसतच नाही, ते जबरदस्तीने घुसवू नका. आयएसआय खुणेबरोबर सीएम/एल क्रमांक, म्हणजे त्या खुणेचा परवाना क्रमांक, बघा. हातात फारच हलकी लागणारी कॉर्ड टाळा, आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं.

वायर पक्की असेल तर वायरमनकडून टॉप बदलून घ्या: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. एक गोष्ट लक्षात असू द्या. त्या चौकोनी टॉपमध्ये वायरला वाचवणारा 3 किंवा 13 अँपिअरचा फ्यूज असतो, तो टॉपबरोबर जातो. म्हणून बारीक वायरला 16 अँपिअरचा टॉप लावू नका; 6 चाच लावा आणि तो 6 अँपिअरच्या एमसीबीवरच (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) चालू द्या.

अमेरिकेहून आलेल्या वस्तूला यातलं काहीच करू नका, जोवर पट्टीवर ‘100-240’ लिहिलेलं दिसत नाही. 120 व्होल्टचा 500 वॅटचा राइस कुकर आपल्या पुरवठ्यावर 1800 वॅटच्या वर जातो. तो तिथेच कुणाला तरी देऊन टाका.

आमच्या किटलीला आता 16 अँपिअरचा टॉप आहे. तो बसवताना वायरमनने अर्थिंगही तपासलं. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी ओतावं लागतं, हे त्यानेच सांगितलं.