आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवून घेतली, नागपूरच्या महाल भागातल्या काकूंचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

याला दुकान म्हणावं का तेच समजत नाही. बोर्ड नाही, नाव नाही, मॅपवर तर शोधूच नका. महालात बडकस चौकातून आत गल्लीत शिरायचं अन कोणालाही विचारायचं, गोधडीवाल्या काकू कुठे राहतात, पानवाला हातानेच दाखवतो. समोरची खोली म्हणजेच दुकान, खाली सतरंजी, त्यावर काकू अन त्यांच्या जाऊबाई, सुई धावून राहिली अन टीव्हीवर सिरीयल चालू. मी मार्चमध्ये दिलं होतं, मे मध्ये हातात आलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते.

आजी मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी गेली. तेरवी झाली, सगळे आपापल्या गावाला गेले अन तिची पेटी तशीच राहिली. उघडली तर अकरा लुगडी, डांबरगोळ्यांचा वास अन एका लुगड्याच्या घडीत माझा तिसरीतला पासपोर्ट फोटो. आत्याचं म्हणणं होतं की गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नये, देऊन टाका कोणाला तरी. आई म्हणे, देऊ, पण आजकाल नऊवारी नेसतं कोण, ते लोक शेवटी त्याची फरशीची फडकी करतील. यावर दोघींची चांगलीच जुंपली, बाबा पेपर घेऊन गच्चीवर निघून गेले. गोधडीचं मीच काढलं. आधी एका ऑनलाइन वाल्यांना विचारलं तर त्यांनी एकीचे सहा हजार सांगितले, वर म्हणे कोपऱ्यात आजीचं नाव इंग्लिशमध्ये भरून देतो अन हार्ट फ्री. आजीला मराठी वाचता येत नव्हतं, इंग्लिशमधलं हार्ट घेऊन काय करणार होती.

काकूंकडे गेल्यावर पहिले तर रेट सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळी लुगडी सतरंजीवर उलगडली, एकेक उजेडात धरून पाहिलं अन विचारलं, "रोज कोणतं नेसत होती आजी?" मला पटकन सांगताच आलं नाही. आईने सांगितलं, हे हिरवं अन ते जांभळं. काकूंनी ती दोन वेगळी काढली, म्हणे हे वर राहीन, चांगलेचुंगले आत घालू, बाईमाणूस चांगलं लुगडं पेटीतच ठेवते, त्याला तिचं अंग कुठे लागलेलं असते. मला वाटतं मी पैसे दिले ते या एका प्रश्नाचे.

बहुतेक सगळी नागपुरी सुती, हातमागाची, रेशमी काठाची, गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांकडून घेतलेली. तिकडे आधी गल्लीतून जाताना मागांचा खटखट आवाज यायचा असं बाबा सांगतात, आता कमीच ऐकू येतो. एक आत्याच्या लग्नातलं रेशमी होतं, ते काकूंनी घेतलंच नाही. सुताबरोबर रेशीम शिवलं की ते आतल्या आत फाटत जाते अन जरीचा धागा टोचते म्हणे, हे आत्याबाईले देऊन टाका. म्हणजे एक ऑर्डर कमी करून वर घरातलं भांडणही मिटवलं.

हिशोब असा: एका सिंगल गोधडीला, म्हणजे साधारण पाच बाय सात फूट, तीन लुगडी लागतात. नऊवारीत कापड भरपूर असतं पण मधला भाग विरलेला निघतो, तो टाकून द्यावा लागतो. हाताने धावदोरा घालायचे १,८०० रुपये, मशीनवर ७०० मध्ये होते पण मशीनची कडक होते, घेऊ नका. आम्ही दोन गोधड्या केल्या, एक आईला एक आत्याला, अन उरलेल्यातून ५०० रुपयांत एक दुपटं, ताईला मुलगी झाली तिच्यासाठी. अर्धे पैसे आधी. गूगल पे चालतं पण मुलाच्या नंबरवर, त्याचा मेसेज आल्याशिवाय काकू हलत नाहीत.

आता खरी गोष्ट. हिरव्या लुगड्याला पदराजवळ आजीने स्वतः रफू केलेलं होतं, हिरवा दोरा संपला असेल म्हणून पांढऱ्याने, अगदी उठून दिसायचं. मी काकूंना म्हटलं हा भाग कापून टाका. त्या म्हणाल्या, "असं कसं बेटा, तिचा टाका तर पाह्य, आमच्याहून बारीक आहे." अन तो तुकडा त्यांनी बरोबर वरच्या बाजूला, गळ्याशी येईल असा घेतला. तसंच जांभळ्याच्या पदराचं टोक. आजी पदराला गाठ मारून पैसे ठेवायची, चाळीस वर्षं त्याच कोपऱ्याला गाठ, ते कापड असं चुरमडलंय की इस्त्रीने सुद्धा सरळ होत नाही. तोही कोपरा कोपऱ्यालाच लावलाय. झोपताना हात आपोआप तिकडे जातो.

त्या गाठीत काय काय असायचं. ती काटोलकडून लग्न करून आली तेव्हा आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ ची टाटांची मिल, तेव्हा तिथे नोकरी म्हणजे पोरीच्या बापाला झोप लागायची. पुढे मिलचे दिवस फिरले, ती सरकारकडे गेली, शेवटी बंदच पडली, आज तिथे मॉल आहे. तिथल्या एसीत फिरताना आजी एकदा बाबांना म्हणाली होती, तुझ्या बापाचा घाम सुकवायले एवढं थंड केलं काय रे. तर आजोबांचा पगार कधी यायचा कधी नाही, त्या काळात आजीने मुगवड्या, कुरड्या, सरगुंडे करून विकले, ते पैसे गाठीत, अन गाठीतून तीन पोट्ट्यांच्या फिया. आत्या शिक्षिका झाली ती त्या गाठीवर. आम्हा नातवंडांसाठी गाठ सुटायची ती तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन दारात उभं राहिलं की बोजारा म्हणून पाच रुपये, अन सकाळी मारबतीची मिरवणूक पाहायला इतवारीत कडेवर नेलं ते वेगळंच. माझ्या दहावीला लाइट गेली की हातपंखा घेऊन बसून राहायची, पुस्तकातलं एक अक्षर कळत नसून. मी पेंगले की पंख्याची दांडी खांद्यावर. मग सकाळी वडाभात, वरून हिंगाचं गरम तेल, खा ना बाई, डोकं चालते.

बरं, एक स्टार का कापला. तीन आठवडे सांगितले अन सात लागले. फोन केला की "झालंच, काठ राहिले" हे चार वेळा ऐकलं. लग्नसराई होती मान्य, पण ताई बाळाला घेऊन सासरी गेली अन दुपटं मागून कुरियर करावं लागलं. दुसरं, दुपट्याला लाल काठ लावलेला, पहिल्याच धुण्यात रंग उतरला अन अर्धं दुपटं गुलाबी. लाल काठ आहे, वेगळं धुवा, एवढं सांगायला काय जात होतं. सांगितल्यावर त्यांनी काठ बदलून देते म्हटलं, पैसे घेणार नाहीत, पण ताई म्हणते राहू दे, आता पोरगी त्याच्याशिवाय झोपत नाही.

धुवायचं तर गार पाण्यात, हाताने, वॉशिंग मशीनमध्ये अजिबात नाही, अन वाळवायला सावलीत. दुपारी एक ते चार जाऊ नका, झोपलेल्या असतात. लुगडी धुऊनच न्या, डांबरगोळीच्या वासाने त्यांच्या जाऊबाईंना शिंका येतात.

अन हो, आत्या. कपडे घरात ठेवू नये म्हणणारी. तिची गोधडी द्यायला गेले तर तिने ती घेतली, पांढऱ्या रफूची कोणती ते विचारलं, ती आईच्या वाट्याला आली म्हटल्यावर चहा सुद्धा विचारला नाही. आता दोघींचं ठरलंय, सहा सहा महिने अदलाबदल. पहिली पाळी आईची. नागपुरात मे महिना, बाहेर ४५, अन आई रात्री कूलर फुल्लवर टाकून, दोन दोन बादल्या पाणी जास्त ओतून, खोली गार झाली की गोधडी अंगावर घेते. बाबा विचारून राहिले की यावेळचं लाइट बिल गोधडीच्या खर्चात धरायचं का वेगळं.