चित्रांच्या कादंबऱ्या पोरांना द्याच, पण घेताना भिंग लावून बघा

दहा ते तेरा वयाच्या पोरांना ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे कॉमिकसारखी चित्रांतून सांगितलेली पुस्तकं, द्यावीत का? द्यावीत, डोळे झाकून द्यावीत. विकत घेताना मात्र डोळे चांगले फाडून बघा. माझा जो संताप झालाय तो गोष्टींवर नाही, छपाईवर आणि बाइंडिंगवर झालाय, आणि या लिखाणात तोच जास्त येणार आहे.

'स्माइल', 'एल डेफो', 'न्यू किड' ही इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल काय पुस्तकं आहेत ते पहिल्यापासून सांगत बसत नाही. घरात पाचवी-सहावीतलं पोर असेल तर ही नावं कानावर आलेली असतातच. आमच्याकडचे वाचक असे: माझी लेक सहावीत, सेमी इंग्रजी. भावाचा मुलगा पाचवीत, पूर्ण इंग्रजी माध्यम, पण शाळा म्हटलं की पोटात दुखणारा. शिवाय मे महिन्यात बिल्डिंगच्या गच्चीवर जमणारी सगळी सेना. म्हणजे पुस्तकांना मार भरपूर बसला. कव्हर घालून, पान न दुमडता वाचलेल्या पुस्तकांचा हा अनुभव नव्हे. आमच्यात पुस्तक भडंगाच्या हातानंच वाचलं जातं.

पहिलं आणलं 'स्माइल'. रैना टेल्गेमायर यांचं, २०१० सालचं. सहावीतली मुलगी पळताना पडते, पुढचे दोन दात जायबंदी होतात, आणि मग पुढं काही वर्षं दातांना तारा, डोक्याला अडकवायचं हेडगिअर, खोटे दात आणि मैत्रिणींची टिंगल. मध्येच १९८९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंपही होऊन जातो. लेखिकेच्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं आहे सगळं. लेकीनं जेवणाआधी हातात घेतलं आणि झोपायच्या आत संपवलं. पाचशेच्या आसपासचं पुस्तक, एका संध्याकाळी! मी हिशोब खात्यात आयुष्य काढलेली बाई, डोक्यात लगेच तासाचा दर निघाला. तेवढ्यात गोष्टींचा एक जाडजूड ठोकळा आला असता आणि निदान पंधरवडा चालला असता. 

"झालं? एवढ्यात?"

"झालं की. आता परत वाचतो."

आणि बसली की परत वाचायला. पुढं पुढं तासाचा दर इतका खाली आला की मी तो काढायचाच सोडला. माझ्या बघण्यात असं आलं की पहिल्या खेपेला पोरं नुसते संवादाचे फुगे वाचत पळतात. दुसऱ्या खेपेला चेहरे बघतात. त्यानंतर मागच्या बाकावरचं पोर काय उद्योग करतंय, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत, असलं काहीबाही सापडायला लागतं आणि ते एकमेकांना दाखवायची चढाओढ लागते. जाडजूड ठोकळ्याचं असं काही होत नाही. तो एकदा वाचून कपाटावर जातो.

एक अडचण सुरुवातीला आली, तीही सांगते. या कॉमिक्समध्ये बहुतेक ठिकाणी सगळी अक्षरं कॅपिटल असतात. सेमीवाल्या पोरांचं वाचन लहान लिपीवर बसलेलं असतं, त्यामुळं लेक पहिल्या काही पानांत अडखळली. नंतर सरावली. यावरून पुस्तक नाकारू नका.

भाच्याला मी टेल्गेमायर यांचंच 'गट्स' दिलं, २०१९ चं. त्यातल्या मुलीच्या पोटात सारखं ढवळतं, उलटी होईल म्हणून ती धास्तावलेली असते, आणि त्या दुखण्याचं मूळ भीतीत निघतं. पुस्तक वाचून हा पठ्ठ्या मला म्हणतो, "आत्ती, हिचं बी शाळेला जाताना दुखतंय. पण हिला गोळी न्हाई देत, एका बाईकडं नुसतं बोलायला नेत्यात." वहिनींनी ऐकलं. तोवर त्या त्याच्या पोटदुखीला बहाणा म्हणत होत्या. पुढं काय झालं तो त्यांच्या घरचा मामला, पण पाचशे रुपयांत एवढं निघालं म्हणजे वसूल.

आता मुख्य दुखणं. 'एल डेफो'. सीसी बेल यांची ही २०१४ ची आठवण-कथा. पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतल्या न्यूबेरी या बालसाहित्याच्या पुरस्कारात मानाचं स्थान मिळालं. चार वर्षांची असताना मेंदूच्या आजारानं लेखिकेचं ऐकणं गेलं. शाळेत तिच्या छातीवर पट्ट्यांनी बांधलेलं मोठं श्रवणयंत्र, आणि बाईंच्या गळ्यात त्याचा माइक. बाई माइक काढायला विसरल्या की त्या शाळेत कुठंही असोत, अगदी बाथरूममध्येसुद्धा, हिला सगळं ऐकू येतं. या पानावर आमची गच्ची दणाणून गेली होती. पुस्तकात सगळी माणसं ससे आहेत, लांब कानांचे, हे वेगळं सांगायला नको.

हे पुस्तक एका ऑनलाइन विक्रेत्याकडं निम्म्याहून कमी किमतीत दिसलं. निम्म्यात मिळत असताना पुरती किंमत मोजणं माझ्या रक्तात नाही. आलं, पोरांनी वाचलं, हसली. पण लेक मधूनच विचारायची, "आई, हिच्या मशीनचा सेल कायम उतरलेलाच असतो काय गं?" मला प्रश्न कळला नव्हता, कारण मी स्वतः तेव्हा वाचलं नव्हतं.

पाऊस लागायच्या सुमाराला त्याचा कणा तडकला आणि मधली पानं हातात आली. विक्रेत्याच्या मदत कक्षाशी चॅट केलं. उत्तर आलं, परतीची मुदत संपली आहे. बरं, पण पुस्तक निकृष्ट आहे. फोटो पाठवा. पाठवले. पानं सुटणं हे वापरामुळं होतं. पुस्तक वापरायचं नाही तर काय लोणच्यासारखं मुरत ठेवायचं? शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि पुढच्या खरेदीवर सूट देणारं कूपन, तेही त्याच विक्रेत्याकडं चालणारं.

मग गेले कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बाइंडरकाकांकडं. आयुष्य छापखान्यात आणि बाइंडिंगमध्ये गेलेला माणूस. पुस्तक उघडलं, वास घेतला, आणि खणातनं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "ताई, ह्ये ओरिजिनल न्हाई. अक्षराच्या कडंला बघा." बघितलं तर काळ्या अक्षरांना निळी-गुलाबी झालर आणि आत ठिपकेच ठिपके. त्यांनी समजावलं ते असं: मूळ छपाईत काळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईनं उतरतात, म्हणून त्यांची कड धारदार असते. तयार पुस्तक स्कॅन करून परत छापलं की काळं अक्षरही चार शाईंच्या ठिपक्यांत फुटतं. रंगांची जुळणी जरा हलली की झालर आलीच. शिवाय कडा छाटताना चौकटीची बाहेरची रेघ जाते, कागद पातळ असतो आणि पाठीमागचं चित्र आरपार दिसतं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तरी कळतं. मी आता दुकानात उभी राहून हेच करते, लोक बघतात, बघू देत.

पुढच्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका दुकानातनं 'एल डेफो'ची मूळ प्रत घेतली, पूर्ण किमतीत. रात्री लेकीची हाक. "आई, हितं बघ की! अक्षरं विरत चाललीत."

आणि तेव्हा मला तिचा तो प्रश्न लागला. या पुस्तकात यंत्राचा सेल उतरत जातो तशी फुग्यांतली अक्षरं फिकट होत जातात, आणि काहीच ऐकू येईना की फुगा कोरा. ऐकू न येणं कसं असतं हे लेखिका सांगत बसत नाही, डोळ्यांना करून दाखवते. आमच्या नकली प्रतीत सगळीच अक्षरं राखाडी होती. ठळक आणि फिकट यातला फरकच बुजलेला. म्हणजे पुस्तकाचा जीवच काढून घेतलेला, आणि पोरांनी ते मढं वाचून संपवलेलं. साध्या कादंबरीची नकली प्रत घेतली तर कागद खराब, अक्षरं तिरकी, पण गोष्ट तीच राहते. कॉमिकचं तसं नाही. इथं अक्षर हेच चित्र आहे. शाई गेली की मजकूर गेला. नकली छापणाऱ्यांवर माझा राग लेखिकेच्या बुडालेल्या पैशांसाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या विरणाऱ्या अक्षरांसाठी आहे.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की मूळ प्रत घेतली म्हणजे बाइंडिंगचीही चिंता मिटली. मिटली नाही. मूळ पेपरबॅक जास्त टिकली, पण गणपतीपर्यंत तिचाही कणा बोलायला लागला. कारण उघड आहे. दोनशे-अडीचशे पानं, जाड कागद, आणि सगळा भार कण्यावरच्या गरम गोंदाच्या पट्टीवर, शिलाई नाहीच. त्यात काही फुगे आणि चित्रं अगदी दोन पानांमधल्या घळीपर्यंत गेलेली. तिथलं दिसावं म्हणून पोरं पुस्तक दोन्ही हातांनी पालथं दाबतात. कडाड्! आमच्या भावाची अमर चित्र कथा अजून माळ्यावर आहेत. १९६७ पासून निघणारी ती मालिका, बत्तीस पानांची, नुसत्या पिना मारलेली. पिना गंजल्यात, पण पान सुटलेलं नाही. बत्तीस पानांना पिना पुरतात, अडीचशेंना पुरणार नाहीत, हे मला कळतं. तरी चीड येते.

तुमच्या पुस्तकाचा कणा गेला तर बाइंडरला एक गोष्ट आधीच बजावा: कडेनं दाभण घालून शिवू नका. आपल्याकडं शाळेच्या पुस्तकांची हीच सवय. पण त्यात कण्याकडची अर्धा इंच जागा शिलाईत जाते आणि घळीतले फुगे कायमचे गायब होतात. काकांनी कणा घासून, पानं पंख्यासारखी एकदा इकडं, एकदा तिकडं वाकवून मधे पांढरा थंड गोंद भरला, वर कापडाची पट्टी लावली आणि रात्रभर दाबाखाली ठेवलं. आता पुस्तक सपाट उघडतं. नवीन घेताना हार्डकव्हर परवडत असेल तर वरच्या टोकाकडून कण्यात डोकवा. पानांच्या घड्यांचे गठ्ठे वेगवेगळे दिसले आणि मधे दोरा दिसला तरच जास्तीचे पैसे द्या. पुठ्ठा जाड आणि आत परत गोंदच, असंही असतं.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड' (२०१९) हे न्यूबेरी पदक मिळवणारं पहिलं ग्राफिक नॉव्हेल, २०२० मध्ये. चित्रं काढायची आवड असलेला काळा मुलगा श्रीमंतांच्या खासगी शाळेत जातो. पेठेतल्या शाळेतनं मोठ्या, बसवाल्या शाळेत गेलेलं पोर असेल तर त्याला नक्की द्या. वर्णाचं राजकारण कदाचित कळणार नाही, पण डब्यावरनं आणि नावावरनं होणारी थट्टा बरोब्बर कळते.

'व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड' (२०२०) मध्ये केनियातल्या दादाब छावणीत वाढणारे दोन सोमाली भाऊ आहेत, ओमर आणि हसन. ओमर मोहम्मद यांनी स्वतःची हकीकत सांगितली आणि व्हिक्टोरिया जेमीसन यांनी ती त्यांच्यासोबत लिहून चितारली. हसन एकच शब्द बोलतो, 'हूयो', म्हणजे आई. छावणीतली पाण्याची रांग बघून गच्चीवरच्या मोठ्या पोरांनी २०१९ च्या पुरातल्या टँकरच्या रांगेचा विषय काढला, आणि मग वाचन बाजूला राहून पुराच्याच गप्पा रंगल्या. यादीतलं हे सगळ्यात जड पुस्तक, आणि लेकीचं सगळ्यात आवडतं.

'भीमायन' (२०११), डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं, मी लेकीसोबत बसून वाचलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची गोंड चित्रं, चौकोनी चौकटी नाहीतच. प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आणि विखारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. मसूर स्टेशनावर उतरलेल्या, गाडीवान मिळत नसलेल्या लहान भीमरावांचा प्रसंग त्यात आहे. अस्पृश्यतेविरुद्धची आमच्याकडची माणगाव परिषद १९२० ला झाली हे कोल्हापूरच्या पोरांना पाठ असतं, पण मसूर पुण्याच्या गाडीला आपल्याच वाटेवर लागतं हे लेकीला तेव्हा कळलं. अत्याचाराच्या आजच्या बातम्याही त्यात असल्यानं बारा वर्षांच्या आत एकट्याला देऊ नये असं माझं मत.

आणि कॉमिक दिसतंय म्हणजे लहानांचंच, असं धरून 'हे, किडो' उचलू नका. आईच्या हेरॉइनच्या व्यसनाची खरी गोष्ट आहे ती. चांगली आहे, पण नववी-दहावीला ठेवा.

दुकानात मी मराठीतलं असंच काही, म्हणजे कुणीतरी स्वतःचं लहानपण चित्रांत सांगितलेलं, मागितलं. त्यांनी पौराणिक कॉमिक्सचा गठ्ठा पुढं केला. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात, जिथं दर गल्लीत एक चित्रकलेचा क्लास आहे, तिथं ही अवस्था! कुणीतरी रंकाळा तलावाकडंला वाढलेल्या पोराची किंवा पोरीची गोष्ट काढा की. मी पूर्ण किंमत देऊन घेते.

तोवर एक काम केलंय. करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय १८५० पासून आपल्या गावात आहे. वरच्या पुस्तकांची नावं चिठ्ठीवर लिहून तिथं देऊन आलेय. खाली दोन ओळी जास्तीच्या घातल्यात: मूळ प्रतीच घ्याव्यात, आणि नवीन असतानाच कण्याला कापडी पट्टी मारून घ्यावी.