वढवाणा: डभोईजवळचं पक्ष्यांचं तळं

बडोद्याहून डभोईमार्गे साधारण दीड तासात पोचता येणारं हे तळं सयाजीराव महाराजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी बांधलं गेलं. ओरसंग नदीचं पाणी जोजवा गावाहून कालव्यानं इथे येतं. २०२१ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, आणि तो अगदी रास्त आहे.

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. पट्टकादंब हे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून येतात. चक्रवाक, मोठी लालसरी, थापट्या या बदकांचे थवे पाण्यावर पसरलेले असतात. उजाडताना बांधावर हजर राहा. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे पक्षी उत्तम दुर्बिणीतूनही धूसर दिसतात. ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते, मात्र बदकं ओळखायची तर तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण, हवीच. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. भडक कपडे, मोठा आवाज आणि ड्रोन यांनी थवा उठतो, विश्रांती मोडते.

उन्हाळ्यात स्थानिक पक्षीच उरतात, पण जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी निवांत पाहता येतात. सावली कमी, पाणी सोबत न्या.