‘काटा शून्यावर हाय बघा, ताई’ : कारच्या एसीत गॅस भरण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

मार्चअखेर आमच्या गाडीचा एसी बिघडला आणि पुढच्या पाच आठवड्यांत माझ्याकडून १०,३०० रुपये काढून घेतले गेले. मूळ बिघाड २२० रुपयांचा होता. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. पण त्यांनी जे केलं ते कुठेही, कुणाच्याही गाडीवर करता येतं, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आईची हृदयाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी मिरजेत झाली. तेव्हापासून तिला तपासणीसाठी कोल्हापूरहून सारखं मिरजेला न्यावं लागतं. जायला-यायला शंभर किलोमीटर, आणि डॉक्टरांची वेळ नेमकी दुपारची. आमची लहान हॅचबॅक आहे. एसी असा वागायचा, की सांगली फाट्यावरून वळून गाडी हेर्ल्याच्या रस्त्याला पळायला लागली की गारेगार. परत येताना तावडे हॉटेलवरून गावात शिरलं आणि कावळा नाक्याला, दाभोळकर कॉर्नरला थांबलं की जाळीतून कोमट वारा. गाडी सुटली की दोन मिनिटांत पुन्हा गार. एवढं लक्षण मी सगळ्यांना सांगत होते, आणि सगळं उत्तर त्यातच होतं.

दुकान कुणीतरी सुचवलेलं होतं. मी लक्षण सांगायला सुरुवात केली तर माणसाने मधेच तोडलं, “गॅस संपलाय ताई, उन्हाळ्यात सगळ्यांचाच संपतोय.” बॉनेट उघडलं, गॅसचा दाब मोजायचं निळ्या आणि लाल नळीचं गेज आणलं, दोन्ही नळ्यांची टोकं पाइपांवर खटकन बसवली आणि गेज माझ्या तोंडासमोर धरलं. “काटा शून्यावर हाय बघा, ताई. थेंब नाही आत.” दोन्ही काटे खरंच शून्यावर होते. डोळ्यांनी पाहिल्यावर काय बोलणार?

एक मात्र विचारलं, की गॅस अजिबात नसेल तर हायवेला गार कसं होतं? “तुमास्नी नाही कळायचं त्यातलं, बसा तिकडं सावलीत.” मी बाकड्यावर जाऊन बसले. अर्ध्या तासाने दोन रिकामे डबे दाखवले, प्रत्येकी साडेचारशे ग्रॅमचे. ३,४०० रुपये. पावती म्हणजे एका चिठ्ठीवर ‘गॅस चार्ज + ऑइल’ आणि आकडा. ना दुकानाचं नाव, ना तारीख.

पुढच्या आठवड्यात त्रास वाढला. आता सिग्नलला नुसता कोमट वारा नव्हे, कॉम्प्रेसर टक् करून बंद पडायचा, थोड्या वेळाने टक् करून चालू. परत गेले. “व्हॉल्व्ह अडकतोय”, १,९०० रुपये. तिसऱ्यांदा गेले तर “कॉम्प्रेसर बसलाय, १८,५०० होतील, ५,००० आत्ता टाका, माल पुण्याहून मागवायचा हाय.” आईची पुढची तारीख चार दिवसांवर होती. मी तिथेच फोनवरून ५,००० पाठवले.

कॉम्प्रेसर काही त्या चार दिवसांत आला नाही. तसेच निघालो. परतताना अंकलीच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या. मागच्या सीटवर आई. काचा उघडल्या तर ट्रकचा धूर आत, बंद केल्या तर भट्टी. तिने पदराचं टोक ओलं करून मानेला लावलं आणि म्हणाली, “माझं काही नाही गं, तू नीट चालव.” ते ओठ सुकलेले, तो आवाज. घरी येऊन तिला झोपवलं आणि त्याच रात्री मी ठरवलं, की आता हे यंत्र काय आहे ते मी स्वतः समजून घेणार. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते आणि वाफेचं द्रव होताना ती बाहेर पडते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. गाडीचा एसी म्हणजे तेवढंच आहे.

गाडीत जो वायू असतो तो बहुतेक गाड्यांत आर-१३४ए. (अगदी अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो; त्याचे जोड वेगळे आणि तो थोडासा ज्वालाग्राही असतो.) कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. पुढे रेडिएटरच्या समोरच्या कंडेन्सरमध्ये वारा लागून त्याचं द्रव होतं. मग ते द्रव डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये जाऊन उकळतं आणि आतली हवा गार होते. हे बंद चक्र आहे. गॅस जळत नाही, खर्च होत नाही, ‘उन्हाळ्यात संपत’ नाही. वर्षानुवर्षांत रबरी नळ्या आणि सीलमधून किंचित झिरपतो, तेवढंच. एरवी कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता जो भरून देतो तो तुम्हाला तोच गॅस पुढच्या वर्षी पुन्हा विकणार आहे.

आता माझं लक्षण बघा. गाडी पळत असताना कंडेन्सरला समोरून आपोआप वारा लागतो. उभी राहिली की तो वारा फक्त पंख्याकडून मिळतो. म्हणजे पळताना गार, थांबल्यावर गरम, तर पहिला संशय पंख्यावर. तीन वेळा बॉनेट उघडून त्या माणसाने पंख्याकडे पाहिलंही नव्हतं, किंवा पाहून गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजारामपुरीत आमच्या पार्किंगमध्ये मुलाने टॉर्च धरला, मी इंजिन चालू करून एसी लावला. कॉम्प्रेसर लागल्याचा टक् आवाज आला. पंखा जागचा हलला नाही. (हात लांब ठेवा. हा पंखा कधीही अचानक फिरतो, ओढणी किंवा पदर खोचूनच वाका.) इंजिन बंद करून फ्यूज पाहिला, शाबूत होता. फ्यूजच्या पेटीत पंख्याचा रिले असतो, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारी चौकोनी काळी डबी. शेजारी हॉर्नचा रिले होता, दोन्हींवर छापलेला क्रमांक एकच. अदलाबदल केली. गाडी चालू, एसी चालू, आणि पंखा भर्रकन फिरला. हॉर्न मात्र मुका. मुलगा एवढ्या जोरात ओरडला की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. नवा रिले उद्यमनगरात २२० रुपयांना मिळाला.

मग प्रश्न गॅसचा. मी स्वतःसाठी एक गेज विकत आणलं. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. दोन्ही जोडांचा आकार मुद्दाम वेगळा असतो, निळा लहान, लाल मोठा, म्हणजे अदलाबदल होऊ नये. टोकं खटकन बसवली आणि बघते तर दोन्ही काटे शून्यावर. अगदी दुकानात दाखवलं होतं तस्से.

मी तिथे नीट वाकून पाहिलं. नळीच्या टोकाला जो कपलर असतो त्याच्या डोक्यावर एक छोटी मूठ असते. कपलर नुसता बसवला तर तो पाइपला धरतो, पण आतली पिन दबत नाही. मूठ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत पिळली, की पिन व्हॉल्व्हवर टेकते आणि मगच दाब गेजपर्यंत पोचतो. मी मूठ पिळली. काटा उडून ८५ पीएसआयच्या (टायरच्या हवेचा दाब मोजतात तेच माप) आसपास जाऊन थांबला. दुसरी पिळली, तोही तिथेच. मला थरकाप झाला. त्या माणसाने मूठ न पिळताच मला गेज दाखवलं होतं. त्याच्या हातात रोज असणारी वस्तू आहे ती, विसरण्यातली नाही.

त्यामुळे सगळ्यात आधी हे सांगते: कुणी शून्यावरचा काटा दाखवला तर त्याला मूठ पिळायला लावा, तुमच्यासमोर. आणि त्याआधी एसी थोडा जरी गार होत असेल तर काटा शून्य असणं शक्यच नाही. दाब फार कमी झाला की कॉम्प्रेसर लागूच न देणारा स्विच गाडीत असतो.

पण ८५ म्हणजे गॅस बरोबर आहे, असंही नाही. इथे घरच्या सिलिंडरचं उदाहरण घ्या. सिलिंडर भरलेला असो की पाव, आत थोडं जरी द्रव असलं तरी दाब तेवढाच राहतो, तो फक्त तापमानावर ठरतो. २६ अंशांना आर-१३४ए चा दाब साधारण ८५ पीएसआय, ३५ अंशांना ११० च्या वर. इंजिन बंद असताना काटा फक्त ‘द्रव आहे’ एवढंच सांगतो, किती ते नाही. किती ते वजनानेच कळतं. दारात आलेला १४.२ किलोचा सिलिंडर आपण काट्याला लावून घेतो ना? मग गाडीतला गॅस डोळे झाकून का घ्यायचा? किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. माझ्या गाडीचा आकडा ४००.

नवा रिले बसवून एसी चालवला तर लाल काटा ३४० वर जाऊन थरथरायला लागला. चौतीस अंशांच्या हवेत तो साधारण दोनशे-अडीचशेच्या दरम्यान असायला हवा. लगेच बंद केला. गॅस जास्त झालेला होता. तो मोकळा सोडून द्यावा असं क्षणभर वाटलं, पण सोडला नाही, आणि तुम्हीही सोडू नका. तो उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय हवेत गेलेला त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो.

उद्यमनगरात एका वयस्कर मामांकडे गॅस काढून घेऊन वजन दाखवणारं यंत्र आहे. त्यांनी काही न बोलता जोडलं. छापील पट्टी बाहेर आली: ६१५ ग्रॅम. मामा म्हणाले, “स्टिकर चारशेचा, आत सहाशे पंधरा. कॉम्प्रेसर चांगलाय तुमचा म्हणून टिकला. कोण सांगितलं बदला म्हणून?”

हिशोब मांडा. माझ्या गाडीत गॅस आधीपासून होताच, त्यावर दोन डबे, म्हणजे ९०० ग्रॅम भरल्याचे पैसे घेतले. तसं असतं तर आत हजाराच्या वर सापडायला हवा होता. सापडला ६१५. म्हणजे घातला असेल दोनशेच्या आसपास आणि दाखवलेले रिकामे डबे दुसऱ्या कुणाचे. वर तो दोनशे ग्रॅमही नको असलेला. त्यानेच दाब वाढून कॉम्प्रेसर टक् टक् बंद पडत होता, आणि त्या बंद पडण्याचा आधार घेऊन १८,५०० मागितले.

मामांनी व्हॅक्यूम लावून, म्हणजे नळ्यांतलं सगळं ओढून काढून, काटा अर्धा तास तसाच उभा राहतो का ते पाहिलं. राहिला, गळती नव्हतीच. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे व्हॅक्यूमचा काटा (तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात) २८ इंचांच्या आसपासच थांबतो. ‘२९ ला जात नाही म्हणजे लीक आहे’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. मग मोजून ४०० ग्रॅम. १,२०० रुपये, पक्की पावती.

घरच्या घरी डबा आणून भरावा का, असं शाळेत दोघा-तिघांनी विचारलं. माझं मत सांगते. तपासणी घरी जरूर करा: पंखा, फ्यूज, रिले, केबिन फिल्टर, कंडेन्सरवर बसलेली धूळ. नळ्यांच्या जोडांवर तेलकट मळ साचला असेल तर तिथे साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. भरायचाच असेल तर फक्त निळ्या, कमी दाबाच्या बाजूने, डबा उभा धरून, चष्मा लावून. लाल बाजूला डबा जोडला तर उलटा दाब येऊन डबा फुटू शकतो. डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. आणि आत किती शिल्लक आहे ते माहीत नसताना अंदाजाने भरू नका, माझ्या गाडीचं जे झालं तेच होईल. गळती बुजवणारं रसायन मिसळलेला डबा तर नकोच. ते आतच घट्ट होऊन बसतं, आणि पुढे चांगला कारागीर आपलं यंत्र तुमच्या गाडीला लावायला तयार होत नाही.

स्वस्त, बिननावाच्या डब्यांपासूनही लांब राहा. प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाचा दाब आर-१३४ए च्या जवळ जातो, गेजवर फरक कळत नाही, पण ते पेट घेतं. २०११ मध्ये जहाजाने माल नेणाऱ्या शीत-कंटेनरमध्ये बनावट आर-१३४ए भरल्याने व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये स्फोट होऊन कामगार मेले होते. त्या बनावट गॅसात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं आणि ते ॲल्युमिनियमशी संयोग पावतं. आपल्या गाडीचे कंडेन्सर, इव्हॅपोरेटर ॲल्युमिनियमचेच असतात.

मामांकडची छापील पट्टी आणि ५,००० पाठवल्याची फोनमधली नोंद घेऊन मी त्या दुकानात गेले. आधी आवाज चढला, मग “माल येतोय, थांबा की.” मी तिथेच उभी राहून ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला आणि सगळं मोठ्याने सांगितलं. आठ दिवसांनी ५,००० परत आले. उरलेल्या ५,३०० चं काही झालं नाही, कारण ते रोख दिले होते आणि चिठ्ठीवर दुकानाचं नावच नव्हतं. रोख देऊ नका, आणि नाव-तारखेच्या पावतीशिवाय गाडी हलवू नका.

परवा पुन्हा मिरजेला जाऊन आलो. अंकलीला पुन्हा थांबायला लागलं, आणि आई मागे चक्क झोपली होती.

शाळेतल्या कुणाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना एसीची शंका असेल तर गेज माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी या, गाडी रात्रभर उभी असलेली आणि इंजिन थंड असू दे. फक्त कुठे गॅस भरून घेण्याआधी या.